माणूस मुळात कसा असतो? राजर्षी शाहू महाराजांच्या जीवनाकडे पाहताना



काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. चर्चच्या मागच्या माळावर फासेपारधी समाजाची पाच-सहा कुटुंबे पाले ठोकून राहात होती. त्यांच्या बायका आणि मुले सकाळी आमच्या आवारातल्या नळावर पाणी भरायला येत. एका रविवारी मिस्सा झाल्यावर दानाच्या पैशांची पिशवी सापडेना. आम्ही कोणाला काही बोललो नाही. पण मनात पहिला विचार आला तो त्या पालांचा. संध्याकाळी आम्ही मागच्या फाटकाला कुलूप लावले. सोमवारी आणि मंगळवारी ती मुले रिकामी भांडी घेऊन परत गेली. मंगळवारी दुपारी पिशवी सापडली. सॅक्रिस्टीच्या कपाटात, वेदीवस्त्रांच्या खाली, आम्हीच घाईघाईत ठेवलेली होती. आम्ही फाटक उघडले. बुधवारी एका बाईने दोन दिवस पाणी का बंद होते असे विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही.

सेमिनरीत असताना आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. माणसाचा स्वभाव हा त्यातला एक मोठा विषय. परीक्षेत आम्हाला त्यात बरे गुण मिळाले होते. परंतु त्या मंगळवारी आमच्या लक्षात आले की या विषयाचा खरा पेपर वर्गात नव्हताच.

हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्ज नावाचे विचारवंत होऊन गेले. त्यांनी आपल्या देशात पेटलेली यादवी पाहिली होती. माणूस मुळात स्वार्थी आणि भित्रा आहे, डोक्यावर सत्तेचा धाक नसेल तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी रूसो यांनी नेमके उलटे मांडले. माणूस मुळात चांगला असतो, त्याला समाज बिघडवतो. त्या दोघांच्या कितीतरी आधी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल यांनी सांगितले होते की सद्गुण घेऊन कोणी जन्माला येत नाही, पण सद्गुण अंगी बाणवण्याची पात्रता मात्र जन्मतः असते आणि सवयीने ती फळाला येते. ही शिकवण किती सुंदर आहे! पण याच थोर पुरुषाने असेही लिहून ठेवले की काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. म्हणजे एवढ्या मोठ्या बुद्धीलाही आपल्या घरात पाणी भरणारा माणूस आपल्यासारखाच आहे हे दिसले नाही.

आज आम्ही या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून न शोधता आपल्याच गावच्या एका माणसाच्या जीवनातून शोधणार आहोत. राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. त्यांच्या नावाचे चौक, शाळा, दवाखाने आणि पुतळे आपण रोज पाहतो. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे नीट पाहायचे राहून जाते, तसे त्यांचे थोडेसे झाले आहे.

कागलचा यशवंत

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव, आई राधाबाई. यशवंत अगदी लहान असतानाच आई गेली. डिसेंबर १८८३ मध्ये कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत मरण पावले. ते मनाने आजारी आहेत असे ठरवून त्यांना तिथे ठेवले होते. त्यांच्या पश्चात गादीला वारस नव्हता. तेव्हा १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी नऊ वर्षांच्या यशवंताला दत्तक घेतले आणि त्याचे नाव शाहू ठेवले गेले. दोन वर्षांनी वडीलही गेले.

असा हा पोरका मुलगा. त्याचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. अंगापिंडाने दांडगे, कुस्तीचे आणि शिकारीचे वेड, बोलणे रांगडे, अशी त्यांची ख्याती होती.

कारभार हाती आला तेव्हा त्यांना काय दिसले? सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. बाकीच्यांना त्या जागा का मिळत नाहीत, असे विचारले की उत्तर ठरलेले. त्यांच्यात ते नाही. शिकणे, हिशेब ठेवणे, कारभार पाहणे त्यांच्या रक्तात नाही. मालक नोकराबद्दल, पुरुष स्त्रीबद्दल, गोरा माणूस काळ्याबद्दल हेच बोलत आला आहे. एखाद्याला वर्षानुवर्षे दार बंद ठेवायचे आणि मग त्याला आत येण्याची आवडच नाही असे म्हणायचे, ही माणसाची जुनी खोड आहे.

नदीकाठची सकाळ

राजालाही एक दिवस तेच ऐकावे लागले. १८९९ च्या सुमाराची गोष्ट. कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात असत. बरोबर मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. पुरोहित मंत्र म्हणत होता ते वेदातले नसून पुराणातले आहेत, हे शास्त्रीबुवांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. विचारले तेव्हा पुरोहिताचे म्हणणे असे पडले की महाराज शूद्र आहेत, त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही. त्यातून वेदोक्ताचे मोठे प्रकरण उभे राहिले. वर्तमानपत्रांतून वाद झाले, राजोपाध्यांची वतने जप्त झाली आणि पुढे कित्येक वर्षे हा वणवा धुमसत राहिला.

त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की राजारामशास्त्री स्वतः ब्राह्मण होते आणि ते महाराजांच्या बाजूने उभे राहिले. अपमान करणारा आणि अपमान दाखवून देणारा, दोघे एकाच जातीचे. म्हणजे माणसाचा चांगुलपणा जातीवर वाटलेला नसतो, आणि खोटेपणाही नसतो. जे लोक महाराजांचे नाव घेऊन आजही एखाद्या संपूर्ण जातीला नावे ठेवतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. अपमान झाला की माणूस दोनपैकी एक वाट धरतो. एक तर आपल्यावर झालेला अन्याय दूर झाला की तो समाधान पावतो, आणि आपल्या खालच्याला तसेच वागवत राहतो. किंवा त्याला अचानक समजते की मला एका सकाळी जे सोसावे लागले ते माझ्या राज्यातील हजारो माणसे जन्मापासून सोसत आहेत. पहिली वाट सोपी, आणि बहुतेक जण तिनेच जातात. महाराज दुसरीने गेले. एका दिवसात नाही, हळूहळू. त्यांच्या आयुष्याची पुढची वीस वर्षे म्हणजे या दुसऱ्या वाटेवरचा प्रवास आहे.

पन्नास टक्के

१९०२ साली राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारचा जाहीरनामा निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात असा तो हुकूम होता. त्याच्या आगेमागे वसतिगृहे उभी राहू लागली. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुस्लिमांसाठी, मग लिंगायतांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आपल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही कोल्हापुरात वसतिगृह झाले.

या धोरणाला विरोध झाला. सांगलीच्या एका वकिलाची आठवण आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. जातीकडे न पाहता गुणावर शिष्यवृत्ती द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातले हरभरे काढून एका जाजमावर पसरायला सांगितले आणि सगळे घोडे मोकळे सोडायला लावले. धट्टेकट्टे घोडे पुढे घुसले, शिंगरे आणि अशक्त घोडी मागे उभी राहिली. वकीलसाहेबांना वेगळे काही सांगावे लागले नाही.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण तिच्यातून माणसाच्या स्वभावाविषयी काय निघते, हे आम्हाला आज पाहायचे आहे. पुढे घुसणारे घोडे वाईट नव्हते. घोड्यासारखेच वागत होते. माणसातही तो घोडा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, रेशनच्या रांगेत तो आपल्याला भेटतो. पण घोडा कधी मागे वळून शिंगराला वाट करून देण्याचा विचार करीत नाही. माणूस करू शकतो. पागेतल्या त्या दोन माणसांपैकी एकाने तो विचार केला होता आणि दुसऱ्याला तो कळला होता. देवाने माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवले असे आपण मानतो, त्याची खूण आम्हाला इथे दिसते.

हजेरी

आता आम्ही त्या पालांकडे परत येतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने उत्तर हिंदुस्थानात एक कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत असे त्यात धरलेले होते. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असा त्यामागचा हिशेब. १९११ च्या नव्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यासह सर्वत्र पसरता आले. नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही आणि ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. काल जन्मलेले मूलही त्या यादीत जाण्यासाठीच जन्मले होते.

कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना गावात हजेरी द्यावी लागे. कोणाच्या शेतात कणसे गेली, कोणाचे जनावर सुटले, की पहिला संशय त्यांच्यावर. जो माणूस दिवसभर राबून दमला आहे, त्याने रात्री चावडीवर जाऊन आपण चोरी करीत नाही आहोत हे दाखवायचे. असे पिढ्यान् पिढ्या चालले तर त्या माणसाचे स्वतःविषयी काय मत होईल, याचा आपण विचार करावा.

१९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. ते वर्ष त्यांच्यासाठी साधे नव्हते. जून महिन्यात त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेले. सून इंदुमती अजून लहान होती, लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. तरुण मुलगा गेलेला बाप त्या वर्षी आपल्या दुःखात बुडून गेला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. महाराजांनी त्या विधवा सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. राजघराण्यातल्या विधवेने पुस्तक हाती धरावे हे पुष्कळांना रुचले नाही. शिक्षण हा बाईच्या स्वभावाचा भाग नाही, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या, आणि त्यांच्या नावाची शाळा या शहरातील मुलींच्या पिढ्या घडवीत आली आहे.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर महाराज आणखी पुढे गेले. पोटाला अन्न नाही म्हणून ही माणसे चोरी करतात, हे त्यांनी जाणले. कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर त्यांनी या लोकांना आसरा दिला, कामे दिली आणि पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दाराला कड्या घालीत, त्यांच्या हाती राजाने स्वतःच्या दाराची राखण दिली.

आम्ही आमच्या फाटकाला लावलेल्या कुलपाची आठवण इथे काढतो, आणि अधिक काही लिहीत नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती जगालाही अपरिचित नाही. अमेरिका खंडातील मूळ रहिवासी हे पुरते मानवच नाहीत, ते निसर्गतः गुलाम आहेत, असे म्हणणारे लोक सोळाव्या शतकात ख्रिस्ती देशांत होते, आणि ते आपल्या समर्थनार्थ ॲरिस्टॉटलचाच आधार देत. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले की ही खरीखुरी माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता कोणी हिरावू नये. १५५० साली स्पेनमध्ये वायादोलिद येथे या प्रश्नावर मोठा वाद झाला, त्यात बिशप बार्तोलोमे दे लास कासास त्या लोकांच्या बाजूने उभे राहिले. तरीही गुलामगिरी पुढे कित्येक शतके चालू राहिली, आणि गुलाम बाळगणाऱ्यांत मिस्साला जाणारे लोकही होते. आपल्याच देशात काही ख्रिस्ती दफनभूमींत जातीची भिंत उभी केली गेली. तेव्हा दुसऱ्याच्या अंगणात पाहताना आपण आपलेही पाहिलेले बरे.

हौदाचे पाणी आणि चहाचे दुकान

महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक महार समाजातले नोकर होते. एकदा महाराज गावाबाहेर असताना मराठा नोकरांच्या हौदातील पाण्याला त्यांनी हात लावला. त्यावरून बाकीच्यांनी त्यांना धरून बेदम मारले. महाराज परतल्यावर गंगारामांनी त्यांना आपली पाठ दाखवली. महाराजांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी मारणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडले.

ज्यांनी मारले ते कोण होते, हे पाहिले पाहिजे. राजाला शूद्र म्हटले गेले तेव्हा ज्यांना वाईट वाटले, त्याच समाजातली ही माणसे होती. ती स्वतः नोकर, स्वतः गरीब. वरच्याने आपल्याला खाली लेखले याचा राग त्यांनाही असणारच. पण आपल्याही खाली कोणीतरी आहे, हा आधार त्यांना सोडवत नव्हता. माणसाच्या स्वभावातली जखम आम्हाला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. संत थॉमस अक्वाईनस यांची शिकवण अशी आहे की आदिपापामुळे मानवी स्वभाव जखमी झाला, पण नष्ट झाला नाही. त्या जखमेचे एक रूप म्हणजे ही गरज. आपण बरे आहोत हे पटण्यासाठी आपल्यापेक्षा कमी कोणीतरी लागतो.

आणि महाराजांचा चाबूक? प्रामाणिकपणे सांगायचे तर तोही त्याच जखमेचा भाग होता. रागाच्या भरात चालवलेल्या चाबकाने कोणाचे मन बदलत नाही. महाराजांनाही ते उमगले असावे, कारण पुढे त्यांनी जे केले ते फार वेगळे होते. त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले आणि मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी चहाचे दुकान काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. आता महाराच्या हातचा चहा कोण पिणार? दुकान रिकामेच असे. मग महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले. स्वतः चहा मागवून घेत आणि बरोबरच्या वरिष्ठ जातींच्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारायचा कसा?

पहिल्या दिवशी त्या मंडळींनी तो चहा नाइलाजाने घेतला असेल. दहाव्या दिवशी कदाचित विचार न करता घेतला असेल. ॲरिस्टॉटल यांनी सवयीविषयी जे सांगितले ते भाऊसिंगजी रोडवर असे रोज घडत होते. पुष्कळदा आपल्याला वाटते की आधी मन बदलेल आणि मग वागणे बदलेल. महाराजांनी वागणे आधी बदलायला लावले आणि मनाला मागून यायला वेळ दिला. पुढे महाराज गेल्यावर त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात याच गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेतला.

कायदा आणि माणूस

आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांत महाराजांनी एकामागून एक हुकूम काढले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जे आईबाप मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या इथे शिवाशीव पाळू नये असे बजावले. ज्या अधिकाऱ्यांना हे मान्य नसेल त्यांनी मुदतीत राजीनामा द्यावा, असेही स्पष्ट केले. १९२० साली वेठबिगार बंद केली.

यातला एक रुपयाचा दंड आम्हाला फार शिकवून जातो. मुलाचे भले आईबापाला कळत नाही असे नाही. पण कळूनही टाळाटाळ करणे हाही मनुष्यस्वभाव आहे. माणूस देवदूत आहे असे समजणारा राजा दंड लावीत नाही. माणूस पशू आहे असे समजणारा राजा शाळा काढीत नाही. महाराजांनी दोन्ही केले.

त्यांनी चुका केल्या नाहीत असे नाही. प्रत्येक जातीचे वेगळे वसतिगृह काढल्यामुळे जाती घट्ट झाल्या, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आम्हाला मात्र त्यात माणसाची ओळख दिसते. माणूस आधी आपल्या माणसांच्या आधाराने उभा राहतो आणि उभा राहिल्यावर इतरांकडे जातो. १९०१ साली वेगळी वसतिगृहे काढणारा राजा १९१९ साली एकत्र शाळेचा हुकूम काढतो, यात आम्हाला विसंगती वाटत नाही.

मार्च १९२० मध्ये माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या त्यांच्या 'मूकनायक' पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. महाराज स्वतः परिषदेला आले आणि तुम्हाला तुमच्यातला पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे बोलले. यालाही मोठे मन लागते. आपण ज्यांच्यासाठी झटलो त्यांना आपली गरज उरू नये, यात आनंद मानणारे थोडे असतात. आम्हा धर्मगुरूंनाही ते नेहमी जमते असे नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी सुरू केले होते, ते त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि नंतर पुरे झाले. गुन्हेगार जमातींचा कायदा त्यांच्यानंतर तीस वर्षांनी, १९५२ साली, देशभर रद्द झाला. ६ मे २०२२ रोजी, त्यांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, हे आपले गजबजलेले शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले होते. आपल्यापैकी पुष्कळ जण त्या वेळी रस्त्यावर उभे असतील.

आपल्यासाठी

बंधु-भगिनींनो, माणूस मुळात कसा असतो? महाराजांच्या जीवनातून आम्हाला उमगले ते असे. जन्मतः कोणी चोर नसतो, कोणी हलका नसतो, आणि कोणी संतही नसतो. देवाने दिलेले चांगले बी प्रत्येकात आहे, आणि त्याच शेतात तण आहे. ज्याच्यावर सतत संशय घेतला जातो त्याचे बी करपते. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो त्याला पाणी मिळते. विश्वास टाकला की फसवणूक होणारच नाही, असे नाही. महाराजांचीही कधी झाली असेल. पण प्रभू येशूने जकातदाराच्या घरी जेवण घेतले तेव्हा त्याच्याकडून आधी चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला नव्हता.

कायदा रद्द झाला, तरी आपल्या मनातली हजेरी पुष्कळदा चालूच असते. घरी काही हरवले की आधी कामवाल्या बाईची आठवण होते. मुलाच्या शाळेत भांडण झाले की आपण आधी दुसऱ्या मुलाचे आडनाव विचारतो. धर्मग्रामाच्या बैठकीतही कोण गोव्याचा, कोण मंगळूरचा, कोण कुठल्या वस्तीतला, यावरून माणसांची मापे काढली जातात. ही त्यांची सवयच आहे, ही त्यांची जातच तशी, अशी वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात. पुढच्या वेळी असे वाक्य ओठावर आले तर क्षणभर थांबावे. पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्काराला येताना या एका गोष्टीची आठवण ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

त्या बाईला उत्तर द्यायचे आमच्याकडून राहून गेले. नंतर काही आठवड्यांनी ती कुटुंबे माळ सोडून पुढे गेली. ती आज कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक नाही. तिची क्षमा मागणे आता जमणार नाही. आपल्या चर्चच्या आवारातला नळ मात्र सकाळी सहा ते आठ कोणालाही पाणी भरण्यासाठी उघडा असतो, आणि मागच्या फाटकाला त्या वेळात कुलूप नसते. कोणी येताना दिसले तर आपण त्यांचे नाव विचारावे, आडनाव नको.

परमेश्वर आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू